गाडीवाल्यांनी रिटर्न स्वतः भरावं की सीएकडे द्यावं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, आयकर रिटर्नची मुदत आधी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि मग ऐन शेवटच्या रात्री आणखी एका दिवसाने वाढली. त्या १६ सप्टेंबरला मी नागपूरच्या वाडीत झेरॉक्स काढायला गेले होते. शेजारच्या रिटर्न भरून देणाऱ्या दुकानासमोर पंचवीस-तीस माणसं उभी होती, सगळी ओळखीची, ट्रकच्या धंद्यातली. कोणाच्या हातात आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), कोणाच्या हातात पासबुक, एक जण तर भंडारा रोडवर कापसीला गाडी लावून ऑटोने आलेला. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "वहिनी, तुमी म्हणे घरीच भरता. आमी काय करावं, सांगा बरं." रांगेत उभं राहून देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझे मिस्टर २७ वर्षांपासून गाडी चालवतात. (आमच्यात ट्रकला गाडीच म्हणतात, पुढेही तसंच लिहिते.) त्यातली पहिली एकवीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर गेली. जुलै २०१९ मध्ये हप्त्यावर स्वतःची दहा चक्का, म्हणजे दहा चाकांची गाडी, घेतली. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले, मग लग्न झालं. गाडी आली तेव्हा हिशेब माझ्याकडे आला. कोणत्या खेपेला किती भाडं ठरलं, ॲडव्हान्स किती मिळाला, पोच दिल्यावर बॅलन्स कधी आला, डिझेल, फास्टॅग, हमाली, क्लीनरचा भत्ता, हे सगळं मी रोज रात्री डायरीत लिहिते. रिटर्नला मात्र मी चार वर्षं हात लावला नाही. ते शिकल्या-सवरल्या माणसांचं काम, असं मला वाटायचं. आमच्या भागातल्या एका एजंटकडे आम्ही कागद द्यायचो, तो दीड-दोन हजार घ्यायचा आणि भरलेल्या रिटर्नचा कागद हातात ठेवायचा. तो कागद मी घडी करून देवघराच्या कप्प्यात ठेवायची. उघडून कधी वाचला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरी गाडी घ्यायचं ठरलं. जुनी सहा चक्का होती, १२ लाखांची. फायनान्स कंपनीचा मुलगा घरी आला, त्याने तीन वर्षांची रिटर्न मागितली. मी कप्प्यातले कागद दिले. तो खाली बसून वाचत होता, मी चहा ठेवत होते. तो म्हणाला, "काकू, तुमची गाडी दहा चक्का आहे ना? मग यात टनेज बारा कसं?"

मी चहा तसाच सोडून आले.

रिटर्नमध्ये गाडीचा नंबर आमचाच होता. टनेजच्या रकान्यात १२ लिहिलं होतं, महिने १२, आणि उत्पन्न वर्षाचं ९० हजार. तिन्ही वर्षं तेच. आमची आरसी काढली. त्यावर ग्रॉस व्हेईकल वेटपुढे स्पष्ट २८,५०० किलो लिहिलेलं आहे.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे आणि आमच्या लोकांना ती कोणी समजावून सांगत नाही. आयकर कायद्यात ४४एई नावाचं कलम आहे. ज्याच्याकडे वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नव्हत्या, त्याला वह्या ठेवायची सक्ती नाही. गाडीच्या वजनावरून उत्पन्न धरलं जातं. एकूण वजन १२ हजार किलोपर्यंत असेल तर गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये. त्याहून जड असेल तर टनामागे महिन्याला १,००० रुपये. पूर्वी हलकी-जड सगळ्यांना सरसकट ७,५०० च होते. टनाचा हिशेब २०१९-२० या कर निर्धारण वर्षापासून, म्हणजे २०१८-१९ च्या कमाईपासून लागला. आमच्या एजंटने जुनाच आकडा चालवायचा ठरवला आणि तो बसावा म्हणून टनेज १२ करून टाकलं.

खरा हिशेब असा होता: २८.५ टन, म्हणजे महिन्याला २८,५०० आणि वर्षाला ३ लाख ४२ हजार. आता यातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट सांगते. त्या वर्षांत ५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला ८७ए ची सूट होती. म्हणजे ३ लाख ४२ हजार खरे दाखवले असते तरी कर शून्यच आला असता. एका ट्रान्सपोर्ट कंपनीने आमच्या भाड्यातून १४ हजार टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापला होता. एजंटने तो परत आणला म्हणून आम्ही त्याचे किती आभार मानले, वर पैसे दिले. तो खऱ्या आकड्यानेही पूर्ण परत आला असता. खोट्याने आमचा एक रुपयाही वाचला नव्हता. आणि त्या खोट्यापायी कागदावर आम्ही वर्षाला ९० हजार कमावणारं घर झालो, ज्याला १२ लाखांच्या गाडीसाठी कोण कर्ज देणार? शेवटी कर्ज कमी मिळालं, व्याज जास्त लागलं आणि उरलेल्या रकमेसाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. २७ नोव्हेंबरला गाडी दारात आली, तिच्या पूजेला माझे हात रिकामे होते.

२०२३-२४ या कर निर्धारण वर्षाचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत सुधारता येत होतं, ते सुधारून घेतलं. आधीच्या दोन वर्षांची ती मुदत निघून गेली होती.

एका एजंटवर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. मी स्वतः चार वर्षं कागद वाचला नाही, हे माझंच चुकलं. आमच्या गल्लीतल्या एका घराचं यापेक्षा फार वाईट झालं. त्या घरचा कर्ता माणूस ३८ व्या वर्षी हिंगणघाटच्या पुढे अपघातात गेला. गाडी आमच्यासारखीच दहा चक्का, आणि रिटर्नही तसंच, ९० हजारांचं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माणसाच्या वार्षिक उत्पन्नाला त्याच्या वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. ३८ व्या वर्षाला तो आकडा १५ आहे. पुढच्या वाढीची बेरीज आणि त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावट वेगळी होते, पण मूळ गुणाकार तुम्हीच करून पाहा. ९० हजार गुणिले १५ म्हणजे साडेतेरा लाख. ३ लाख ४२ हजार गुणिले १५ म्हणजे ५१ लाखांच्या वर. विमा कंपनीच्या वकिलाने तीच रिटर्न पुढे केली. आमच्या त्या वहिनी भाडेचिठ्ठ्यांचं गाठोडं घेऊन कोर्टात जातात, नवरा जास्त कमवत होता हे सांगतात. दावा अजून चालू आहे. दोन लेकरं आहेत, मोठी दहावीला आहे.

रिटर्न म्हणजे कर भरायचा कागद, एवढंच आमच्या लोकांना माहीत आहे. गाडीवाल्याच्या घरात तो कर्जाचा कागद आहे, आणि वाईट वेळ आली तर भरपाईचा कागद आहे. म्हणून तो कोणाकडून भरून घ्यावा हा प्रश्न मला दीड-दोन हजारांचा वाटत नाही.

आता माझं मत. ज्याच्या नावावर एक-दोन गाड्या आहेत, वर्षभरात कोणती गाडी विकली नाही, भाड्याशिवाय दुसरी मोठी कमाई नाही, आणि जो ४४एई खालीच भरणार आहे, त्याने किंवा त्याच्या घरातल्या शिकलेल्या माणसाने रिटर्न स्वतःच भरावं. बायको भरेल, मुलगी भरेल, बारावी झालेला पुतण्या भरेल. मी भरते.

पहिल्यांदा भरलं ते जुलै २०२४ मध्ये, आणि सोपं गेलं असं म्हणणार नाही. आधी तर पोर्टलवर शिरताच येईना. आमच्या खात्याला मोबाइल नंबर एजंटचा, ईमेल एजंटचा. विभागाचे सगळे निरोप चार वर्षं त्याच्याकडे जात होते. आधारच्या ओटीपीने पासवर्ड बदलला, मग मिस्टरांचा नंबर आणि मुलीचा ईमेल टाकला. माझ्या मते बाकी काही जमो न जमो, हे काम प्रत्येकाने आजच करावं. रिटर्न कोणीही भरो, नंबर आणि पासवर्ड आपलाच हवा.

मग फॉर्म. आयटीआर-४, त्याला सुगम म्हणतात. प्रत्येक गाडीची एक ओळ: नंबर, स्वतःची की भाड्याची, टनेज, किती महिने. टनेजपाशी मी अडले. मिस्टरांना फोन केला, ते म्हणाले, "एकोणीस टन लिही, आपलं पासिंग एकोणीसचं आहे." आमच्या धंद्यात टन म्हणजे गाडीत किती माल भरता येतो ते. कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, तो हेच सांगेल. कायदा विचारतो ते गाडी आणि माल मिळून एकूण वजन. आमच्या गाडीचं रिकामं वजन साडेनऊ टन, माल एकोणीस, एकूण साडेअठ्ठावीस. १९ लिहिलं असतं तर वर्षाचं उत्पन्न १ लाख १४ हजारांनी कमी दिसलं असतं, तेही मनात काही खोट नसताना. म्हणून माझं सांगणं आहे की टनेज तोंडी कोणाला विचारू नका. आरसी समोर ठेवा आणि ग्रॉस व्हेईकल वेटची ओळ पाहा.

नवीन सहा चक्क्याचं वजन १८.५ टन. ती २७ नोव्हेंबरला आली. महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, ९२,५०० रुपये. दहा चक्क्याचे ३ लाख ४२ हजार मिळून ४ लाख ३४ हजार ५००. नव्या करप्रणालीत तेव्हा ७ लाखांपर्यंत कर शून्य होता. आणखी एक लक्षात ठेवावं लागतं. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी असली तरी तो महिना मोजतात, कारण कायदा मालकीचे महिने धरतो, चालल्याचे नाही. गाडी हप्त्यावर असली तरी मालक आपणच. हप्त्याचं व्याज, डिझेल, टायर यांतलं काही वेगळं वजा करता येत नाही, ते सगळं या आकड्यात आलंच असं समजतात. आणि खरी कमाई या हिशेबापेक्षा जास्त झाली असेल तर जास्तीचीच दाखवायची.

पुढे ३१ मार्चला हातात रोख किती, लोकांकडून येणं किती, देणं किती, हे विचारतात. ते माझ्या डायरीत होतं. टीडीएसचा आकडा पोर्टलवरच्या २६एएस मधून, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यातून, ताडून घेतला.

शेवटी ओटीपी. मिस्टर जबलपूरहून परतीवर होते. मी बटण दाबलं, फोन लावला, तर फोन लागेना. खवासा ओलांडून पेंचच्या जंगलातून रस्ता येतो, तिथे रेंज जाते हे मी विसरले होते. ओटीपीची वेळ निघून गेली. तासाभराने देवलापारच्या ढाब्यावर थांबून त्यांचा फोन आला, मी परत बटण दाबलं, त्यांनी सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले. रात्रीचे साडेअकरा झाले होते. स्क्रीनवर हिरवी खूण आली तेव्हा मुलीला झोपेतून उठवून दाखवली. आता मी आधी फोन करून गाडी कुठे आहे ते विचारते, गाडी उभी असेल तरच बटण दाबते. रिटर्न भरून झाल्यावर पडताळणीला ३० दिवस मिळतात, तेव्हा ओटीपीसाठी कोणालाही चालत्या गाडीत फोन उचलायला लावू नका.

याच्या उलट वर्ष यंदाचं. मिस्टरांच्या कमरेने लांबचे रूट झेपेनात. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा चक्का ११ लाखांना विकली, आता सहा चक्क्यावर बुटीबोरी, हिंगणा, कळमना असं जवळचंच काम करतात. हिशेब मला दिसत होता: अकरा महिने दहा चक्का, बारा महिने सहा चक्का, मिळून ५ लाख ३५ हजार ५००. पण विकलेल्या गाडीचे ११ लाख बँकेत आले होते, त्यांचं काय करायचं ते मला कळेना. तेव्हा मी धंतोलीतल्या एका सीएंकडे गेले. आरसीची झेरॉक्स, खरेदीचं बिल, आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बँकेचा उतारा, सगळं घेऊन. त्यांनी ४,००० रुपये घेतले आणि पाऊण तास दिला.

त्यांनी समजावलं ते असं. ४४एई खाली भरलं तरी गाडीचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी होणारी किमतीतली घट, दरवर्षी मिळालाच, असं कायदा धरतो. भाड्याने चालणाऱ्या गाडीला तो ३० टक्के आहे. आमची २५ लाखांची गाडी पाच वर्षांत कागदावर ४ लाख २० हजारांची उरली होती. नशिबाने सहा चक्का त्याच गटात होती, तिची कागदावरची किंमत १० लाख २० हजार. दोन्ही मिळून १४ लाख ४० हजार. त्यातून ११ लाख वजा केले तरी शिल्लक उरते, म्हणून नफा निघाला नाही. पण आमच्याकडे एकच गाडी असती आणि ती विकून दुसरी घेतली नसती, तर ६ लाख ८० हजारांचा अल्पकालीन भांडवली नफा धरला असता. आणि मग आयटीआर-४ चाललाच नसता, आयटीआर-३ भरावा लागला असता.

हे मला घरी बसून सात जन्मांत कळलं नसतं. आमच्या ओळखीच्या एका मालकाने एकुलती गाडी विकली आणि दुकानातून नेहमीसारखं सुगम भरून घेतलं. विक्रीची रक्कम कुठेच दाखवली नाही. वर्षभराने विचारणा आली. कर, त्यावर व्याज, वरून दंडाची भीती. गाडी विकून आलेले पैसे तोवर मुलीच्या लग्नात लागले होते.

म्हणून गाडी विकली त्या वर्षी सीए. खरी कमाई ४४एई पेक्षा कमी झाली आणि तशी दाखवायची असेल तर वह्या ठेवून ऑडिट लागतं, तेव्हाही सीए. विभागाची नोटीस आली तर त्याच दिवशी सीए. गाड्या दहाच्या वर जायला लागल्या, भागीदारी केली, जमीन विकली, तरीही. आणि त्या वेळी फीची घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. एका खेपेच्या डिझेलपेक्षा ती फी कमीच असते. फक्त सीए म्हणजे खरोखरचा सीए, पाटीवर 'टॅक्स कन्सल्टंट' लिहिलेला कोणीही नव्हे.

मी ज्याच्या विरोधात आहे तो हा मधला मार्ग. स्वतः समजून घ्यायचं नाही आणि जाणकाराकडेही जायचं नाही, मधल्याच कोणाकडे आधार कार्ड देऊन मोकळं व्हायचं. आमच्या सहा चक्क्यावर अधूनमधून बदली ड्रायव्हर असतो, आधी तो एका कंपनीत पगारी होता. त्याला एकाने सांगितलं, रिफंड काढून देतो, त्यातला वाटा दे. न भरलेला विमा, न दिलेली देणगी दाखवून रिफंड काढलाही. जुलै २०२५ मध्ये अशाच खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर आयकर विभागाने देशभरात कारवाई केली, तेव्हापासून तो पोरगा रात्री झोपत नाही. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे, आणि तो ज्याच्या नावाचं रिटर्न त्याला होतो, भरून देणाऱ्याला नाही. मी त्याला माझ्या सीएंकडे पाठवलं आहे.

असंच जीएसटीचं. एक-दोन गाड्यांच्या मालकांना जीएसटी नंबर काढायला लावून दर महिन्याला पैसे घेणारे आहेत. जो स्वतःची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) काढत नाही, फक्त गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने देतो, त्याची ती सेवा जीएसटीतून माफ आहे. नंबर काढण्याआधी एवढं तरी कोणाला विचारून घ्यावं.

आणि टीडीएसचं पत्र. दहा किंवा कमी गाड्या असणाऱ्याने तसं लिहून पॅनसोबत दिलं तर भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. मी दर एप्रिलला त्या पत्राच्या वीस प्रती सही करून गाडीत ठेवते. नव्या ट्रान्सपोर्टकडे माल भरला की मिस्टर पहिल्यांदा ते पत्र मुनीमाच्या हातात देतात, मग ॲडव्हान्स घेतात. वर्ष-वर्ष अडकून पडणारे पैसे त्यामुळे हातात राहतात.

२०२५-२६ या वर्षाच्या कमाईवर, म्हणजे पुढच्या रिटर्नमध्ये, नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. तीन दहा चक्के असलेल्या मालकाचं ४४एई चं उत्पन्न १० लाख २६ हजार होतं. त्यालाही काही भरावं लागणार नाही. म्हणजे आमच्या वाडीतल्या बहुतेक मालकांना खोटं दाखवायचं आता काही कारणच उरलेलं नाही, हे त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचवायला हवं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. "कायदा बदलला, आता तुमच्याने होणार नाही" असं सांगून पैसे घेणारे तेव्हा दुकानं थाटतील, याची मला भीती वाटते.

या नागपुरात छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. देशभरातले आयकर अधिकारी तिथे शिकून जातात. धंतोलीत सीए संस्थेची शाखा आहे. मिस्टर कितीदा अकादमीवरून गाडी घेऊन गेले असतील. त्या दोन्ही ठिकाणच्या लोकांना आपल्या पेपरातून माझी हात जोडून विनंती आहे. जूनच्या शेवटी, पावसाने काम मंद पडतं तेव्हा, वाडीत आणि कापसीला एकेक शिबिर लावा. रविवारी संध्याकाळी लावा, कारण दिवसा गाडीवाला सापडत नाही. मोठी भाषणं नकोत. समोरच्या माणसाची आरसी हातात घ्या, वजनाची ओळ त्याला बोटाने दाखवा, पोर्टलवर नंबर त्याचाच आहे का ते पाहून द्या, आणि त्याचं रिटर्न साधं असेल तर त्याच्याच मोबाइलवर त्याच्याकडूनच भरून घ्या, मराठीत सांगून. घरच्या बायकांनाही बोलवा. हिशेबाच्या डायऱ्या बऱ्याच घरांत त्याच लिहितात.

जागेची अडचण पडणार नाही. आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्री टाकून शंभर माणसं बसतात. खुर्च्या आणि चहाचं मी बघते.

आपली नम्र,
एका गाडीमालकाची पत्नी
वाडी, नागपूर